लोडशेडिंगचा पुनरागमन दौरा

विनय मुजुमदारची बेस गिटार कॉर्कच्या त्याच्या घरी हॉट प्रेसमध्ये असायची. आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात आणि गरम पाण्याच्या टाकीभोवती केलेल्या कपाटाला हॉट प्रेस. तिथे टॉवेल कोरडे राहतात, पापड सादळत नाहीत, आणि माधवीच्या मते नवऱ्याच्या तरुणपणाच्या वस्तू कुणाच्या पायात येत नाहीत. वर्षानुवर्षं त्या उबेत राहून गिटारची मान जराशी पुढे झुकली होती. मान विनयचीही झुकली होती, पण त्याच्यावर एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासण्याची जबाबदारी होती. गिटारला तसलं काही कारण नव्हतं.

२०२१ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी ती बाहेर निघाली ती अक्षयाच्या एका फोनमुळे.

अक्षया म्हणजे विनयच्या जुन्या मित्राची, नरेंद्रची बायको. नरेंद्र ट्रलीच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होता, म्हणजे साथ आल्यापासून जवळजवळ अतिदक्षता विभागातच मुक्कामाला.

"विनय भाऊजी, तुम्ही एकदा ह्याच्याशी बोला," अक्षया म्हणाली. "ड्यूटीवरून येतो, गाडी दारात लावतो आणि आतच बसून राहतो. मी खिडकीतून बघत असते. रडत नाही, फोन नाही, गाणी लावत नाही. नुसता स्टिअरिंग धरून बसतो. विचारलं तर म्हणतो, 'ग्रँड आहे.'"

आता हा 'ग्रँड' शब्द आयर्लंडमध्ये फार जपून घ्यावा लागतो. चहा कसा झालाय, तर ग्रँड. गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं, तर ग्रँड. घराला आग लागली असताना शेजाऱ्याने विचारलं तरी तिथला माणूस आधी 'ग्रँड' म्हणेल आणि मग बादली शोधेल. नरेंद्र त्या देशात इतकी वर्षं राहिला होता, की तो हा शब्द आता तिथल्या माणसांसारखाच वापरायला लागला होता, आणि अक्षयाला नेमकी त्याचीच भीती वाटत होती.

विनयने फोन लावला. पण मराठी पुरुषाने मराठी पुरुषाला "तुला आतून कसं वाटतंय?" असं विचारण्याची आपल्याकडे सोय नाही. त्यामुळे पहिली काही मिनिटं हवेत गेली, पुढची लसीत गेली, आणि नरेंद्र "चल, ठेवतो" म्हणाला तेव्हा विनय घाबरला. घाबरून तो म्हणाला, "अरे, ती शोभना विचारत होती. बँड परत सुरू करू या म्हणते. दौराच काढू."

शोभनाने असलं काहीही विचारलं नव्हतं.

"दौरा?" नरेंद्र म्हणाला. "माणसं जमायला बंदी आहे, विन्या. ऐकणार कोण?"

"व्हिडिओ काढायचा. लाइव्ह कॉन्सर्टचा. कॉर्क, ॲथलोन, ट्रली."

"काढ," नरेंद्र म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. हा होकार होता की फोन ठेवण्याची पद्धत, यावर मतभेद होऊ शकतात. विनयने तो होकार धरला.

बँडचं नाव 'लोडशेडिंग'. सांगलीच्या इंजिनिअरिंगमधली दोघं आणि मिरजेच्या मेडिकलमधला एक अशी ही तिघांची संस्था. नरेंद्र गायचा आणि लीड गिटार वाजवायचा, शोभना ड्रम्सवर, आणि विनय बेसवर. लोकांनी विचारलं की तो सांगायचा, "ते धुम धुम वाजतं ना, ते मी." मोठमोठे बँड भांडणांनी फुटतात. लोडशेडिंग कॅम्पस इंटरव्ह्यूने फुटला.

शोभना आता ॲथलोनच्या एका टेलिकॉम कंपनीत होती. विनयने तिला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या नावावर खपवलंस ते ठीक आहे. पण माझ्याकडे खरे ड्रम्स नाहीत. घरमालकामुळे इलेक्ट्रॉनिक घेतलेत. हेडफोन लावला की मला ऐकू येतं."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीच्यांना टकटक ऐकू येतं."

मग परवानगी. सार्वजनिक बागेत वाजवायचं तर कुणाला तरी विचारायला हवं, हे मध्यमवर्गीय मनाने आधीच ठरवलं होतं. न विचारता वाजवलं असतं तर कुणी काही म्हटलंही नसतं. विनयने एका कार्यालयाला सविस्तर ईमेल लिहिली. उत्तर आलं की आपला उपक्रम धार्मिक, क्रीडाविषयक की निषेधाचा, हे कळवावं. विनयने प्रामाणिकपणे विचार केला. नरेंद्र येणार नसेल तर तो निषेधाचा होऊ शकला असता. त्याने 'सांगीतिक' असं कळवलं. त्यावर, सांगीतिक उपक्रमांबद्दल मार्गदर्शक सूचना अजून यायच्या आहेत, आणि तोवर आपण घराच्या मागच्या अंगणाचा विचार केला आहे का, असं फार सौजन्याने विचारण्यात आलं.

एव्हाना बातमी कॉर्कच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली होती. एकाने ड्रोन सुचवला. दुसऱ्याने घशासाठी ज्येष्ठमध सुचवला. तिसऱ्याने 'रॉक म्हणजे साधारण कोणत्या रागातलं?' असं विचारलं, आणि त्यावर तीन जण एकमेकांशी भांडले. मंडळाच्या कार्यवाह निवेदिताताईंनी स्वतः फोन केला. "मागे मंडळाचं बॅनर लागेलच ना? सध्या एकच शिल्लक आहे. मागचं."

त्यामुळे कॉर्कच्या मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोरीवर, 'गणेशोत्सव २०१९' असं बॅनर लागलं.

कॅमेऱ्याला माणूस मिळाला तो गल्लीतला डोनल. पूर्वी तो लग्नांचे व्हिडिओ काढायचा. साथीत लग्नं थांबली आणि चर्चमध्ये अंत्यविधीला मोजकीच माणसं बसू देऊ लागले, तेव्हापासून डोनल अंत्यविधी घरोघर थेट दाखवायचा. मन लावून करायचा. कुणाची लेक ऑस्ट्रेलियात, कुणाचा भाऊ अमेरिकेत, सगळ्यांना नीट दिसलं पाहिजे. त्या दीड वर्षाने त्याच्या हाताला एक वळण लागलं होतं. तो कॅमेरा मधोमध, जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर रोखायचा, आणि जराशी शांतता झाली की सावकाश वेदीकडे झूम करायचा.

अंगणात वेदी नव्हती. बॅनरवर गणपती होता.

पहिला कार्यक्रम ठरल्या दिवशी झाला. नरेंद्र आला नाही. 'ऑन कॉल आहे, सॉरी,' एवढाच निरोप. शोभना मात्र ॲथलोनहून गाडी हाकत आली होती, त्यामुळे मागे फिरणं शक्य नव्हतं. मग बेस आणि टकटक असे दोघंच वाजवायला बसले. गाणारा नाही, लीड गिटार नाही. दुसऱ्या गाण्याला फ्यूज गेला, कारण आत विनयच्या सासूबाईंनी इलेक्ट्रिक कुकर लावला होता. लाइट आले, तिसरं गाणं सुरू झालं, तेव्हा कुंपणापलीकडून शेजारच्या बाईंनी डोकं वर काढून अगत्याने विचारलं, "नवीन किचन बसवताय का?"

विनयला हे फार लागलं. संध्याकाळी त्याने माधवीला विचारलं, "खरंच तसं वाटत होतं?"

माधवीने नवऱ्याकडे बघितलं. संसाराच्या इतक्या वर्षांत खोटं बोलायची वेळ कोणती, हे तिला कळत होतं. पण ती दमली होती. "फरशी बसवताना असतं तसं," ती म्हणाली.

व्हिडिओत गणपती सुरेख आला होता. सोंडेवरची नक्षीसुद्धा. डावीकडे मधूनमधून विनयचा कोपर होता.

ॲथलोनचा कार्यक्रम शॅनन नदीच्या काठावर झाला. नरेंद्र त्यालाही आला नाही. या वेळी निरोपही आला नाही. वारा असा होता की शोभनाचा एक पॅड उडून गवतात गेला. हंसांचं एक कुटुंब काठाला येऊन थांबलं, त्यांना बरं वाटत होतं की खायला मिळेल अशी आशा होती ते सांगता येत नाही. एक पोलीस चालत आला, थोडा वेळ ऐकत उभा राहिला आणि त्याने मृदूपणे विचारलं, "बाकीचा बँड कुठे आहे?"

"ट्रलीत," शोभना म्हणाली. "गाडीत बसलाय."

पोलिसाला ते कळलं नाही, पण त्याने मान हलवली. तो गेल्यावर शोभनाने काठ्या पिशवीत टाकल्या. "विन्या, हा दौरा आपण कुणासाठी करतोय? तो यायचा नाही. आपण इथे फरशा बसवत हिंडतोय."

विनयला पहिल्यांदा स्वतःचा राग आला. मित्र बुडतोय असं कुणीतरी सांगितलं, आणि आपण काय केलं? बॅनर लावलं. सरळ गाडीत बसून त्याच्या घरी जायचं सोडून कॅमेरा, परवानगी, ज्येष्ठमध असं सगळं केलं, कारण त्या सगळ्यात काहीतरी करायला होतं. नरेंद्रच्या समोर नुसतं जाऊन बसायला काहीच करायला नव्हतं, आणि तेच अवघड होतं.

"मग ट्रलीलाच जाऊ," तो म्हणाला. "त्याच्या दारात वाजवू. कुठे जाईल?"

ट्रलीला निघायच्या दिवशी माधवीला मीटिंग होती, पण लीलावतीबाई दारात पदर खोचून उभ्या. या विनयच्या सासूबाई, कोल्हापूरच्या. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आल्या आणि विमानं बंद झाली, त्या अजून तिथेच होत्या. "म्या बी येनार," त्या म्हणाल्या. "दीड वरीस भिंतीच बगत्येय. डॉक्टरास्नी थालीपिटं केल्याती."

डोनल त्याच्या व्हॅनमधून मागे, विनय आणि लीलावतीबाई पुढे. किलार्नीजवळ डोंगर दिसायला लागले. बाई एकदम म्हणाल्या, "विनयराव, हितले डॉक्टर पेशंटच्या कानाला फोन लावत्यात का वो?"

विनयच्या लक्षात आलं. मे महिन्यात कोल्हापूरच्या एका हॉस्पिटलात त्यांचे थोरले भाऊ, पुरुषोत्तममामा, गेले होते. जाण्याआधी तिथल्या कुणीतरी त्यांच्या कानाशी मोबाईल धरला आणि बाई इकडून बोलल्या. पुढचे विधी त्यांनी साखरेच्या डब्याला टेकवलेल्या मोबाईलवर पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी भाकरी थापली. घरात कुणी विषय काढला नव्हता. काढायचा कसा, हे कुणाला माहीत नव्हतं.

"लावत असतील, आई," विनय म्हणाला. "नरेंद्रही लावत असणार."

बाईंनी काचेबाहेर बघितलं आणि डबा मांडीवर नीट धरला.

नरेंद्रच्या घरासमोर गाडी लावायची फरसबंद जागा होती, तिथेच सगळं मांडलं. शोभना ॲथलोनहून आली होती. अक्षयाने आतून वायर दिली आणि कोपऱ्यात नरेंद्रची गिटार भिंतीला टेकवून ठेवली. डोनलने कॅमेरा मधोमध लावला. आणि हॉस्पिटलातून नरेंद्रची गाडी आली.

आता इथे एक साधी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. गाडी लावायच्या जागेवर ड्रम्स होते. नरेंद्र फाटकातच अर्धा आत, अर्धा बाहेर थांबला. इंजिन बंद झालं. काचेआडून त्याने समोर पाहिलं: शोभना, विनय, एक अनोळखी आयरिश माणूस आणि थालीपिठाचा डबा. आणि तो गाडीतच बसून राहिला.

"वाजव," विनय हळूच म्हणाला.

ते वाजवायला लागले. एक गाणं झालं, दुसरं झालं. बारीक भुरभुर सुरू झाली आणि नरेंद्रने वायपर लावले. ते दोन वायपर असे डावीकडून उजवीकडे हलत होते, की त्या दौऱ्याचा एकमेव प्रेक्षक समोर बसून नको, नको म्हणतोय असं वाटावं. विनयचे कान तापले. शेजारच्या घराचा पडदा सरकला. शोभना म्हणाली, "थांबू या का?"

"नको."

तेवढ्यात लीलावतीबाई उठल्या. त्यांनी मास्क नाकावर ओढला, ओल्या फरशीवरून सावकाश गाडीपर्यंत गेल्या, दार उघडून नरेंद्रच्या शेजारच्या सीटवर बसल्या आणि काच खाली केली. विनयचं पुढचं गाणं विस्कटलं. थांबायचं तर नाही, आणि पुढे काय वाजवायचं सुचेना, म्हणून तो आणि शोभना तेच ते दोन सूर घोळवत राहिले. गाडीत बाई काहीतरी बोलत होत्या. मग नरेंद्र बोलत होता. मग कुणीच बोलत नव्हतं. कधीतरी वायपर थांबले.

नरेंद्र उतरला. आधी अंगणातल्या नळावर त्याने हात धुतले, कोपरापर्यंत, हॉस्पिटलात धुतात तसे. मग गिटार गळ्यात अडकवली आणि तो ती सुरात लावू लागला. ती लागेचना. अक्षया दारात उभी होती, तिने तोंडावर हात धरला होता. शेवटी त्याने विनयकडे बघितलं, आणि त्यांचं जुनं गाणं सुरू केलं. कॉलेजात एकदा भर कार्यक्रमात वीज गेली तेव्हा त्याने ते माईकशिवाय म्हटलं होतं आणि बँडला नाव मिळालं होतं:

"दिवा येईल तेव्हा येईल,
तोवर गळा चालू दे,
अंधारात कोण कुठे ते
आवाजाने कळू दे."

पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्याच्या सुरुवातीला त्याचा आवाज थांबला. घोगरा झाला, फाटला असं काही नाही, नुसता थांबला. तो मान खाली घालून उभा राहिला. विनयने शोभनाकडे पाहिलं. दोघांपैकी कुणी थांबलं नाही. धुम धुम आणि टकटक चालू राहिलं, शेजारच्यांना किचन वाटो नाहीतर फरशी वाटो. विनयला त्या क्षणी दुसरं काही येतही नव्हतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग नरेंद्रने श्वास घेतला आणि गाणं परत उचललं, भलत्याच कडव्यापासून. ते त्याच्याबरोबर त्या भलत्या कडव्यात गेले.

गाणं संपल्यावर डोनल कॅमेऱ्यामागून पुढे आला. भारावला होता बिचारा. सवयीने त्याने प्रत्येकाच्या कोपराला कोपर लावला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सॉरी फॉर युअर ट्रबल." अंत्यविधीला तिकडे घरच्या माणसांना हेच म्हणतात. नरेंद्रने त्याच्याकडे बघितलं आणि तो हसायला लागला. असा हसला की गिटार खाली ठेवावी लागली. डोनलला आपलं काय चुकलं ते कळलं आणि तो लाल झाला, मग तोही हसला.

व्हिडिओचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे कुणी आशेवर राहणार नाही. ट्रलीत डोनलने कॅमेरा गाडीवर रोखला होता. गाणं सुरू झालं तरी तो तिकडेच राहिला, त्यामुळे लोडशेडिंगच्या पुनरागमनाचा सर्वोत्तम भाग म्हणजे गाडीत एकट्याच बसलेल्या कोल्हापूरच्या आजी, डोळे मिटून मान हलवताना. ग्रुपवर निवेदिताताईंनी लिहिलं, 'छान उपक्रम. बॅनर का दिसत नाही?'

पण त्या संध्याकाळी हे कुणाला माहीत नव्हतं. भुरभुर थांबली होती आणि उन्हाळ्यातला तिकडचा लांबलचक उजेड अजून बराच शिल्लक होता. सगळे दाराच्या पायरीवर आणि आजूबाजूला अंतर राखून बसले. थालीपिठं गार झाली होती, ती तशीच खाल्ली. डोनलने एकावर चीज घालून बघितलं.

"तुझ्या सासूबाई काय म्हणाल्या माहितेय?" नरेंद्र विनयला म्हणाला. लीलावतीबाई तिथेच होत्या, पण तो विनयकडेच बघत बोलला. "मला म्हणाल्या, 'आमच्या दादाच्या कानाला फोन कुनी धरला त्ये मला ठावं न्हाई. त्यो हात तुजाच समजत्ये.' आणि माझा हात धरून बसल्या."

"मग काय तर," बाई डबा पुसत म्हणाल्या. "कुनाला तरी सांगायचं ऱ्हायलं हुतं."

नरेंद्र थालीपिठाचा तुकडा हातात धरून बसला. "मी फोन धरायचो ना," तो म्हणाला, "तेव्हा दुसरीकडे बघायचो. ऐकायचं नाही असं ठरवलेलं. पण ऐकू येतंच. डिंगलकडचा एक म्हातारा होता. त्याची बायको रोज त्याला गुरांची नावं सांगायची. एकेक गाय, तिने आज काय केलं. शेवटच्या दिवशीसुद्धा तिने तेच सांगितलं. सगळ्या गाई सांगून झाल्या, आणि तिला कळेना फोन ठेवायचा कसा. मलाही कळेना."

अक्षया सरकून त्याच्या शेजारी येऊन बसली.

"मग दुसरी एक होती," तो म्हणाला, आणि सांगू लागला. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. मधेच खाल्लं, मधेच डोळे पुसले, एकदा हसला. फरसबंदीवर विनयचा ॲम्प्लिफायर तसाच चालू राहिला होता आणि घूं असा बारीक आवाज करत होता. तो सगळ्यांना ऐकू येत होता. बंद करायला कुणी उठलं नाही.